चारी कोपरे

माझं अक्षर चांगलं आहे. हे फुशारकी म्हणून सांगत नाही, गुन्हा कबूल करायचा म्हणून सांगतो आहे.

आमच्या गावात शाळेचा मास्तर मीच आणि टपालाच्या शाखेचा पोस्टमास्तरही मीच. सकाळी शाळा, दुपारी दोन ते पाच टपाल. गाव कुरुंद्यापासून दोन कोसांवर. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण लोक मला अजून किसनराव मास्तर म्हणून मान देतात आणि त्या मानाची मला सवय झाली आहे.

मला डाग खपत नाही. पोराच्या वहीवर शाईचा ठिपका दिसला की मी पान फाडून पुन्हा लिहायला लावायचो. शिक्का वाकडा उठला तर त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही. माझी बायको द्वारकाबाई म्हणायची, "तुमच्या हातात असतं तर तुमी चिखलसुदिक धुवून वाळत घातला असता." मी हसून सोडून द्यायचो, कारण मनातून ते मला कौतुकच वाटायचं.

आता भिवाजीचं सांगतो. भिवाजी बौद्धवाड्यातला. स्वतःची जमीन बोटभर नाही, पण पंचक्रोशीत हळद शिजवावी ती त्यानंच. माघात हळद निघाली की शेताशेतात मोठ्या लोखंडी कढया चढायच्या. खाली कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर ओल्या हळदीवर गोणपाट. हळद कच्ची राहिली तर तिला कीड लागते, जास्त झाली तर रंग मरतो. पांढरा फेस आला, काडी आरपार गेली की शिजली, एवढं सगळ्यांनाच कळतं. भिवाजी फेसाकडे बघायचाच नाही. दहा पावलांवर पाठमोरा बसून तंबाखू मळायचा आणि मध्येच नाक वर करून म्हणायचा, "काढा." काढलेली हळकुंडं मोडून बघावीत, तर आत एकसारखा सोन्याचा रंग. उकंडरावांसारखा साठ एकरांचा धनी कढई चढवण्याआधी त्याच्या घरी निरोप धाडायचा. त्याची एकच इच्छा होती. एकदा कढईत शिजणारी हळद आपल्या शेतातली असावी.

बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर त्यानं दोन वर्षं खडी फोडली. तिथल्या मुकादमानं त्याचं नाव पुढं दिलं आणि पंचाहत्तरच्या सुरुवातीला मुंबईच्या एका कंपनीचा माणूस वसमतला येऊन उतरला. इराकमध्ये रस्ते करायचे होते. पेपरात तेव्हा अशा करारांच्या बातम्या यायच्या. त्यांच्याकडं तेल होतं, आपल्याकडं माणसं होती. दिल्लीत कोणीतरी कोणाशी तरी हात मिळवलेला फोटो यायचा आणि मी तो पोरांना भूगोलाच्या तासाला दाखवायचो. करार दोन वर्षांचा. बायको-लेकरं न्यायची नाहीत. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. मुदत संपली की परत यायचं, नाहीतर पुढच्या दोन वर्षांसाठी नव्यानं अंगठा उठवायचा.

फॉर्म माझ्याकडंच भरायला आला. एका रकान्यात विचारलं होतं, कुशल की अकुशल.

"तुला येतं काय?" मी विचारलं.

"हळद शिजवता येती, मास्तर."

मी हसलो. वाळवंटात कोण हळद शिजवून घेणार? मी छान वळणदार अक्षरात लिहिलं, अकुशल. त्यानं विचारलं, "काय लिवलं?" मी म्हणालो, "जे लिहायला पाहिजे ते." त्याला ते पटलं. माझ्या अक्षरावर सगळ्या गावाचा विश्वास होता.

चैत्रात तो गेला. त्याची बायको जनकाबाई तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. फाट्यावर एसटीत चढताना त्यानं तिला बाजूला नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं, तिनं बोटं मोजत मान हलवली. मी बघत होतो. मला वाटलं, संसाराचं काही सांगत असेल. भादव्यात मुलगी झाली. तिचं नाव पेमा.

दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. तिकडून त्याचं पत्र यायचं ते मोहनसिंग नावाच्या त्याच्या खोलीतल्या एका पंजाबी माणसानं हिंदीत लिहिलेलं. इकडून मी लिहायचो, लिपी एकच असल्यानं मोहनसिंग ते वाचून दाखवायचा. जनकाबाई भिवाजीच्या थोरल्या भावाला, कोंडीबाला घेऊन यायची. बाईमाणसानं एकटीनं टपालात कशाला जायचं, असं कोंडीबाचं म्हणणं. ती पायरीवर बसायची. मी "वर ये की जनका" म्हणायचो, पण वर बसायला स्टूल एकच होतं आणि ते मी कधी पुढं केलं नाही. सुधारलेला माणूस म्हणून मी स्वतःला फार मानायचो, म्हणून हेही सांगून टाकलेलं बरं.

मजकूर कोंडीबाच सांगायचा. इकडं सगळे खुशाल, पैसे पोचले, तब्येत सांभाळ. जनकाबाई पदर पुढं ओढून खाली बघत राहायची. दोन जणांसमोर नवऱ्याला काय सांगणार ती? मी विचारलंच तर म्हणायची, "पेमाला दात आलेत, तेवडं लिवा." लिहून झालं की निळं हवाईपत्र न चिकटवता घरी घेऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायची.

"घरी कशाला नेतेस?"

"पेमाला दावते."

परत आलेल्या पत्राच्या एका कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं असायचं. दर वेळी, एकाच कोपऱ्याला. मला ते बघून कसंतरी व्हायचं. परदेशात जाणारं पत्र, आणि त्यावर डाग. एकदा मी खडसावलं तर म्हणाली, "हळदीतलेच हात हायेत आमचे, मास्तर." मी समजलो की त्यांच्यात काहीतरी शुभशकुनाची पद्धत असेल. आपणही लग्नाच्या पत्रिकेला हळदीची बोटं लावतोच. एका कोपऱ्यापुरतं मी मनाला समजावलं.

पहिल्या दोन वर्षांत भिवाजीच्या पैशातून कालव्याखालचा एक एकर झाला. कोंडीबानं व्यवहार केला, कागद मी केला. जनकाबाई त्या रानात जाऊन आली आणि पहिल्यांदा आपण होऊन माझ्याशी बोलली. "त्यास्नी लिवा, माती काळी हाय. हळदीला बराबर हाय." मी लिहिलं. पुढच्या पत्रात मोहनसिंगच्या हिंदीतून भिवाजीनं विचारलं होतं, तिथल्या मातीचा वास कसा आहे? आता वास मी कुठल्या शब्दांत लिहिणार? मी तो प्रश्न तिला वाचूनच दाखवला नाही.

सत्याहत्तरच्या माघात ज्या पत्राची वाट बघावी ते आलं. मुदत चैत्रात संपते आहे. कंपनी आणखी दोन वर्षं ठेवायला तयार आहे. फाल्गुन संपायच्या आत हो की नाही सांगायचं. भिवाजीनं शेवटी लिहून घेतलं होतं, जनका म्हणेल तसं करीन.

मी वाचलं तेव्हा जनकाबाईनं मान वर केली. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते, कारण हंगाम भरात होता आणि ती उकंडरावांच्या खळ्यातून तशीच आली होती. पेमा तिच्या मांडीवर झोपलेली. दीड वर्षाचं लेकरू, बापानं तोंड पाहिलेलं नाही.

कोंडीबा वाईट माणूस नव्हता. त्यानं उभा जन्म कुडाच्या घरात काढला होता. तो म्हणाला, "एकर झाला. अजून दोन साल ऱ्हायला तर पक्कं घर हुतंय. पुन्हा असा मौका येत न्हाई. लिवा मास्तर, ऱ्हा म्हणावं."

"जनका, तुझं काय म्हणणं?"

ती बराच वेळ पेमाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "दादा म्हन्तेत तसंच लिवा."

मी लिहिलं. राहा, इकडची काळजी करू नकोस, घर बांधून होईल. सुंदर पत्र झालं होतं. ती नेहमीप्रमाणे घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. पत्र टेबलावर ठेवलं आणि क्षणभर तिथंच थांबली. पत्राचे चारी कोपरे पिवळे होते. बोटानं नाही, चांगले अंगठे दाबून लावलेले, इतके की हळद कागदाच्या मागून फुटली होती.

"आजच जाईल ना, मास्तर?"

"जाईल, जाईल. तू जा."

ती पाठमोरी झाली तेव्हा काय घाईनं चालत होती ते मला अजून दिसतं. पेमाला कडेवर उडवत चालली होती. मला मात्र त्या पत्राचा संताप आला होता. चारी कोपरे बरबटलेले, एका कोपऱ्यातला मजकूरही पुसट झालेला. अशी वस्तू समुद्रापार धाडायची? बघणारा काय म्हणेल? मी ते पत्र घरी नेलं, माझ्या पदरचं नवं हवाईपत्र घेतलं आणि चहा पिता पिता सगळा मजकूर पुन्हा उतरून काढला. एकही खाडाखोड नाही. मग मला त्या बाईची दया आली. तिची रीत मोडायला नको. म्हणून मी द्वारकाबाईच्या करंड्यातली चिमूटभर हळद घेतली आणि एका कोपऱ्याला, नेहमीच्याच जागी, नीट गोल बोट लावलं.

द्वारकाबाई म्हणाली, "हे काय नवीन?"

"त्यांच्यात पद्धत असते," मी म्हणालो.

जुनं पत्र मी आंघोळीच्या बंबात टाकलं. नवं दुसऱ्या दिवशीच्या थैलीतून गेलं. त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होतो.

फाल्गुन सरत आला तशी जनकाबाई बदलली. घराच्या भिंती तिनं पांढऱ्या मातीनं पोतारल्या. उकंडरावांकडं जाऊन सांगून आली की शेवटची एक कढई थांबवा, पेमाचे बाप येऊन राहिलेत. ती नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, पेमाचे बाप म्हणायची. शाळेसमोरून जाताना तिनं मला विचारलं, "मास्तर, विमानातून उतरल्यावर मुंबईहून इकडं याया किती दिस लागतात?"

मला तिच्या बावळटपणाचा राग आला. "अगं, तूच राहा म्हणून लिहायला लावलंस ना? तो कशाला येतो आता?"

ती फक्त हसली. कोंडीबाला कळू नये असं काहीतरी तिच्याजवळ आहे, असं ते हसू होतं. मला तेव्हाही कळलं नाही. अक्षर सुंदर असलं म्हणजे माणसाला वाचता येतंच असं नाही, हे मला फार उशिरा समजलं.

पाडव्याच्या आधीपासून ती रोज दुपारच्या एसटीला फाट्यावर जायची. पेमाच्या अंगात नवं झबलं. गाडी यायची, धूळ उडायची, चार-दोन बाया पिशव्या घेऊन उतरायच्या. ती गाडी पुढं निघून जाईपर्यंत थांबायची आणि मग कढईच्या कामावर परत. उकंडरावांनी बिचाऱ्यांनी खरंच एक ढीग आठ दिवस तसाच ठेवला. शेवटी मोड येतील म्हणून शिजवून टाकला.

पाडवा होऊन पाच दिवसांनी पत्र आलं. ती टपाल उघडण्याआधीच पायरीवर येऊन बसली होती, आज कोंडीबा नव्हता. मी पत्र फोडून मराठीत सांगू लागलो. "तुझं पत्र मिळालं. आधी कोपरा बघितला. एकाच कोपऱ्याला हळद बघून जीव भांड्यात पडला, म्हणजे घरी सगळं ठीक आहे आणि तुझी तक्रार नाही. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू. मला वाटत होतं तू चारी कोपरे लावशील. पण तू म्हणतेस तर राहतो. नव्या करारावर अंगठा दिला आहे."

"थांबा," ती म्हणाली. "पुन्हा वाचा. किती कोपरे म्हन्तात?"

मी पुन्हा वाचलं. एकाच कोपऱ्याला, असंच होतं.

"मी चारी लावले व्हते, मास्तर."

मी पत्राची घडी घालू लागलो.

"जातानी ते बोलून गेले व्हते. पत्र दुसऱ्याच्या हातचं, त्यात दुसऱ्याचंच येनार. आपलं हळदीत. येक कोपरा म्हंजे समदं बराबर. चारी म्हंजे निघून या. दोन वर्सांत मी कदी चारी लावले न्हाईत. पेमाच्या बाळंतपनात मरता मरता वाचले, तवाबी येकच लावला. यंदाच लावले." ती उभी राहिली. "काय केलं तुमी माझ्या पत्राचं?"

मी सांगितलं. काहीही लपवलं नाही. बंबाचंही सांगितलं. ती ऐकत होती आणि स्वतःच्या हाताच्या तळव्यांकडं बघत होती, हंगामानंतरही रंग गेला नव्हता. मला वाटलं, ती ओरडेल, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"काहून?" एवढंच तिनं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मी बरीच वर्षं शोधत आहे. घाण दिसत होती म्हणून, हे खरं उत्तर आहे का? द्वारकाबाईच्या बहिणीनं, वसमतच्या शालूबाईनं, असं हळद लावलेलं पत्र पाठवायला दिलं असतं तर मी ते उतरून काढलं असतं का? मला माहीत आहे की नसतं काढलं. ते शुभ म्हणून कपाळाला लावलं असतं.

त्याच दिवशी मी भिवाजीला लिहिलं, माझी चूक, शब्दाला शब्द. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसलाही लिहिलं. ज्येष्ठात उत्तर आलं. करार सही झाला आहे, मुदतीआधी सोडता येणार नाही, पासपोर्ट कार्यालयात जमा आहे. भिवाजीच्या पत्रात मला दोष देणारं एक अक्षरही नव्हतं. मोहनसिंगनं मात्र खाली आपल्याकडून एक ओळ घातली होती, की हा माणूस दोन दिवस जेवला नाही.

त्यानंतर जनकाबाई दर महिन्याला एकटी यायची. मी आता तिला तुम्ही म्हणायला लागलो होतो, घरून एक खुर्ची आणून ठेवली होती. ती कधी त्या खुर्चीवर बसली नाही. कोरं हवाईपत्र आणायची, चारी कोपरे पिवळे केलेलं.

"आत काय लिहू, जनकाबाई?"

"कायबी नगं. वरचा पत्ता तेवडा टाका."

मी पत्ता टाकायचो. ते पत्र मी बोटांच्या टोकांनी उचलून थैलीत ठेवायचो, एक कणही सांडू नये म्हणून. तो येऊ शकत नाही हे तिला माहीत होतं, तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. तरी तो येईपर्यंत बावीस पत्रं गेली, सगळी कोरी. एकदा मी न राहवून म्हणालो, "त्याला यायचं असूनही येता येत नाही, तुम्ही अशानं त्याचा जीव का जाळता?" ती म्हणाली, "एकदा त्यास्नी वाटलं, ते मला नगं झालेत. आता मरंपर्यंत वाटाया नगं."

एकोणऐंशीच्या चैत्रात भिवाजी आला. फाट्यावर सगळा बौद्धवाडा गेला होता, मी लांब लिंबाखाली उभा होतो. तो वाळला होता, केस कानाजवळ पांढरे. जनकाबाईनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पदराआड तोंड केलं. पेमा साडेतीन वर्षांची, तिनं आईच्या मागं लपून विचारलं, "ह्यो कोन?" कोंडीबाच रडायला लागला.

दोन दिवसांनी तो माझ्याकडं आला. मी खुर्ची पुढं केली, तो बसला. पिशवीतून त्यानं पत्रांचा गठ्ठा काढला आणि त्यातलं एक वेगळं करून माझ्यापुढं ठेवलं. माझंच अक्षर. स्वच्छ, एका कोपऱ्याला गोल बोट.

"हे तुमचं," तो म्हणाला. "तुमच्यापाशी ठिवा."

"भिवाजी, मला माफ कर म्हणायचीसुद्धा..."

"तसं न्हाई, मास्तर. येक सांगायचं राहिलं व्हतं." तो पत्राकडं बघत होता. "हे आलं तवा मी हुंगलं व्हतं. दर बारीला हुंगायचो. घरची हळद मला कळती. ही घरची नव्हती. दुकानातली, करंड्यात मुरल्याली, कुंकवाचा वास लागल्याली. मला तवाच कळलं व्हतं."

"मग?"

"मग मी म्हनलं, आपून अडाणी मानूस. कागदावर अकुशल लिवल्यालं. तिकडं समदे त्याच नावानं हाका मारायचे. आपल्या नाकाचं काय खरं मानायचं? कागदावर तर येकच कोपरा हाय." त्यानं बाकीचा गठ्ठा पुन्हा पिशवीत घातला. "नाकाचं ऐकलं असतं तर अंगठा दिला नसता."

मला तोंड वर करवेना. तो फॉर्म, तो रकाना, माझं ते वळणदार अक्षर. म्हणजे त्याला मी एकदा नाही, दोनदा तिकडं ठेवलं होतं.

त्या आठवड्यात त्यांच्या एकराची हळद निघाली होती. पहिल्यांदाच स्वतःची; तो येणार म्हणून जनकाबाईनं त्याच वर्षी लावलेली आणि त्याच्यासाठी काढायची थांबवलेली. भिवाजी म्हणाला, "बगायला या." मी गेलो. कढई चढलेली, खाली जाळ, वाफ सगळ्या रानात पसरलेली. मला वाटलं, तो दहा पावलांवर पाठमोरा बसलेला दिसेल. तो कढईपाशी वाकून काडी टोचून बघत होता, पुन्हा पुन्हा, एखाद्या नवशिक्यानं बघावं तसा.

माझ्याकडं न बघताच तो म्हणाला, "चार साल डांबर उकळलं, मास्तर. आता नाकात दुसरं कायबी शिरत न्हाई."

दहा पावलांवर पाठमोरी बसली होती ती जनकाबाई. मांडीवर पेमा. कोणी शिकवलं होतं तिला, मी विचारलं नाही. चार हंगाम ती त्या कढयांपाशी होती, तो नव्हता, एवढं पुरे. थोड्या वेळानं तिनं नाक वर केलं आणि म्हणाली, "काढा."

भिवाजीनं हळद काढली. ती उठून आली, एक हळकुंड उचलून तिनं मोडलं, आत एकसारखा रंग. मोडलेला तुकडा तिनं त्याच्या नाकाशी धरला. वाफ निघत होती. त्यानं डोळे मिटून ओढून वास घेतला. मग मान हलवली, नाही.

"येईल," ती म्हणाली.

दुसऱ्या कढईला तसंच. तिसऱ्यालाही. दर वेळी ती तुकडा मोडायची, त्याच्या नाकाशी धरायची आणि थांबायची. तिथं मी होतो, कोंडीबा होता, दोन गडी होते, पण आता तिला कुणाची लाज राहिली नव्हती. तिसऱ्या वेळी पेमा धावत आली, तिनंही एक तुकडा उचलला आणि आई करते तसा बापाच्या नाकाशी नेला. हात पुरेना म्हणून तो गुडघ्यावर बसला.

"आला का?" पेमानं विचारलं.

भिवाजीनं तिच्या पिवळ्या बोटांकडं पाहिलं आणि म्हणाला, "व्हय, आला."

ते खोटं आहे हे तिथं सगळ्यांना कळत होतं. जनकाबाईनं तोंड फिरवलं आणि चौथी कढई भरायला घेतली. पेमाच्या हातून पडलेला तुकडा मी उचलून ठेवला आणि घरी आलो. माझ्या हाताला हळद लागली होती, ती मी धुतली नाही.